केसांची शोभा आणि केसांची निगा

आजचा विषय ऐकून काही मंडळी रेडिओ बंद करायला हात पुढे करतील. केसांची ठेवण कशी असावी, केसांना रंग लावावा की नाही, लावायचा तर कोणता, हा काय भाषणाचा विषय झाला? कपाशीवरच्या बोंडअळीचे बोला, सोयाबीनच्या भावाचे बोला, असे कोणी म्हणेल. एखादी आजी पदर सावरीत विचारील, “माह्या वयाले आता कायची वेणी अन् कायचा रंग व माय?” त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. पण केस म्हणजे काय, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल, असे मला वाटत नाही.

आठवून पाहा. २०२४ चा डिसेंबर सरत होता आणि २०२५ चा जानेवारी लागत होता. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत लोकांची डोकी खाजू लागली. दोनतीन दिवसांनी कंगवा फिरवावा, तर केसांचा पुंजकाच हाती यावा. आठवड्याच्या आत डोक्याचा पार गोटा. म्हातारी माणसे, कर्ते पुरुष, कॉलेजात जाणाऱ्या मुली, लहान लेकरे, कोणीच त्यातून सुटले नाही. १८ गावांतल्या २७९ माणसांची नोंद झाली. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बोअरच्या पाण्याला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके गावात येऊन नमुने घेऊन गेली. विंचुदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीही नमुने तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला निष्कर्ष मांडला : रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य इथल्या गव्हापेक्षा सुमारे ६०० पट अधिक होते, आणि रुग्णांच्या अंगात जस्त कमी पडले होते.

हे सेलेनियम म्हणजे काही जहाल विष नव्हे. शरीराला ते लागतेच, पण अगदी कणभर. जमिनीत ते फार असले की धान्यात उतरते, धान्यातून पोटात जाते, आणि प्रमाण वाढले की पहिला घाव केसांवर आणि नखांवर बसतो. सुदैवाने पाचसहा आठवड्यांत पुष्कळांच्या डोक्यावर पुन्हा कोवळी लव दिसू लागली. पण ते पाचसहा आठवडे कसे गेले, ते त्या घरांना विचारा. मुली घराबाहेर पडेनात. कोणाची सोयरीक अडली. धडधाकट माणसे डोक्याला रुमाल गुंडाळून बसली. जिवाला धोका नव्हता, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून म्हणते, केस ही काही निव्वळ चैनीची बाब नाही. माणूस चारचौघांत मान वर करून उभा राहतो, त्यात त्याच्या केसांचाही थोडा वाटा असतो. मग ते नीट राखावेत, आपल्याला शोभतील असे ठेवावेत, यात लाजण्यासारखे काय आहे?

आधी केसांची ओळख करून घेऊ. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो, काही वर्षे वाढत राहतो, मग थोडी विश्रांती घेऊन गळून पडतो आणि त्याच जागी नवा उगवतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे झाडाची पिकली पाने गळण्यासारखेच समजावे. बाळंतपणानंतर तीनचार महिन्यांनी किंवा टायफॉइड, डेंग्यूसारख्या मोठ्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. बाई घाबरते, तेलामागून तेल बदलते. पण ही गळती बहुधा आपोआप थांबते. मात्र अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा विकार असेल, तर बाटलीतल्या तेलाने काही व्हायचे नाही. त्याला दवाखानाच हवा.

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्याचे मूळ, आणि ते जगते रक्तावर. म्हणून केसांचे पहिले खत ताटातच पडते. डाळ, हरभरा, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी आणि तिच्यावर पिळलेले लिंबू, कारण लिंबामुळे भाजीतले लोह अंगी लागते. ज्यांना चालते त्यांनी अंडे खावे. आपल्याकडे घरातली बाई सर्वांच्या मागून जेवते आणि भांड्याच्या तळाशी उरलेल्यावर भागवते. तिची वेणी बारीक होत चालली, तर दोष तिच्या नशिबाचा नाही, त्या उरलेल्या वरणाचा आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जड पाणी ही रोजचीच अडचण. या पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि क्षार मिळून चिकट साका होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ, निस्तेज दिसतात. अशा पाण्यात डोक्याला अंगाचा साबण लावू नये. शिकेकाई-रिठ्याचे पाणी किंवा साधा सौम्य शाम्पू बरा. शेवटचा एक तांब्या तरी पावसाच्या साठवलेल्या किंवा पिण्याच्या गोड पाण्याचा घ्यावा, त्यात लिंबाचे दोनचार थेंब टाकले तर साका सुटतो. एवढ्याने जी चमक येते, ती महागड्या बाटलीने येईलच असे नाही.

आता ठेवणीकडे वळू. आरशापुढे उभे राहा आणि केस मागे ओढून आपला चेहरा नीट पाहा. चेहरा गोल असेल तर केस माथ्यावर थोडे उंच आणि गालांशी चापून ठेवावेत, म्हणजे चेहरा लांबट भासतो. उभट चेहऱ्याला याच्या उलट. वर फुगवटा नको, कानांजवळ थोडे मोकळे, फुगीर केस असू द्यावेत. कपाळ रुंद असेल तर भांग मधोमध न पाडता थोडा बाजूला पाडावा. जबडा चौकोनी असेल तर गालांवर हलके वळण घेणारे केस तो मऊ करतात. याला पैसा लागत नाही. नुसता भांग एका बोटाने सरकवून पाहा, घरचे विचारतील, “आज काही वेगळीच दिसतेस!” आणि वर्षानुवर्षे एकाच जागी भांग पाडला की तिथले केस विरळ होतात. म्हणून तो अधूनमधून बदलणे हे शोभेलाही चांगले आणि केसांनाही.

पुरुषांचे पाहा. टक्कल पडू लागले की काही जण एका बाजूचे चार केस लांब वाढवून पलीकडे नेऊन चिकटवतात. वाऱ्याची एक झुळूक आली की सारे गुपित उघडे! त्यापेक्षा सगळेच केस बारीक कापून घ्यावेत. विरळ केस आखूड असले की दाट दिसतात आणि माणूस नीटनेटका वाटतो. कटिंगला बसताना एक गोष्ट मात्र हक्काने मागावी : मानेवरून फिरणारे पाते नवे, आपल्यासमोर फोडलेले असावे. जुन्या पात्याने कावीळ ब आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. त्यात न्हावीदादाचा अपमान नाही. चांगला कारागीर स्वतःच पाते बदलतो.

चेहऱ्याइतकाच विचार कामाचा करावा. शेतात खुरपणाला, वेचणीला जाणाऱ्या बाईला मानेवरचा सैलसर अंबाडा सोयीचा. केस ओले असताना बांधून वर रुमाल गुंडाळू नये, घामाने आणि ओलीने डोक्यात खाज सुटते. मळणीयंत्राजवळ किंवा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ मोकळी वेणी आणि सुटा पदर म्हणजे संकटाला आमंत्रण. यंत्राने वेणी धरली तर डोक्याची कातडी सोलली जाते. तिथे वेणी आत खोचूनच उभे राहावे.

आणि आयांनो, शाळेत जाणाऱ्या मुलींच्या दोन वेण्या घट्ट आवळू नका. भुवया वर ताणल्या जाईपर्यंत घातलेली वेणी दिवसभर नीट राहते खरी, पण रोजच्या ओढीने कपाळावरचे आणि कानांजवळचे केस मुळापासून सुटतात. बरीच वर्षे असे चालले तर ते पुन्हा येतच नाहीत. मुलगी “दुखते” म्हणाली, की वेणी सैल करावी. मुलीचे केस आखूड हवे असतील तर आखूड ठेवावेत. बारीक फणीने उवा-लिखा काढणे सोपे जाते, अभ्यासाला वेळ उरतो, आणि आखूड केसांतही मुलगी गोडच दिसते.

आता रंग. केस पांढरे होतात, कारण मुळाशी रंगद्रव्य तयार होणे थांबते. ते बहुतेक घराण्याच्या वळणावर जाते. पांढरे केस तसेच ठेवले तर त्यात उणे काहीच नाही. स्वच्छ धुतलेले, नीट कापलेले पांढरे केस सावळ्या चेहऱ्यावर फार खुलतात. पण एखाद्याला रंग लावावासा वाटला, तर त्यालाही कोणी हसू नये. मात्र लावताना जाणून लावावा.

सगळ्यांत जुना आणि भरवशाचा रंग मेंदीचा. मेंदीच्या पानातले लॉसोन नावाचे द्रव्य केसाला धरून बसते आणि पांढऱ्या केसाला तांबूस रंग देते. शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो, काळा कधीच नाही. काळसर हवा असेल तर आधी मेंदी आणि मग नीळ, म्हणजे नीळ-झाडाच्या पानांची पूड, असे दोनदा लावावे लागते आणि त्याला काही तास द्यावे लागतात. म्हणून अर्ध्या तासात काळेभोर करणारी ‘काळी मेंदी’ आठवडी बाजारात कोणी देऊ लागला, तर समजावे की पुडीवर चित्र मेंदीच्या पानाचे असले, तरी आत रासायनिक कलप आहे.

या कलपात बहुधा पॅराफेनिलीन डायअमाईन नावाचे द्रव्य असते. पुष्कळांना ते सोसते. काहींना मात्र खाज सुटते, पापण्या सुजून डोळे मिटतात, कपाळावरून पाणी झरते. दहा वेळा सोसले म्हणून अकराव्यांदा सोसेलच, असेही नाही. म्हणून दर वेळी लावण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर तो कलप आपला नव्हे. डोक्यावर जखम असेल, खरूज असेल, तर लावूच नये. पापण्यांना आणि भुवयांना तर कधीही नाही.

याहून गंभीर एक गोष्ट सांगते, ती कृपा करून मनावर घ्या. हा कलप पोटात गेला तर काही तासांत चेहरा, जीभ आणि गळा सुजतो, श्वास कोंडतो. त्यातून वाचले तरी पुढे लघवी काळसर होऊन मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणून कलपाची पुडी चहासाखरेच्या फळीवर ठेवू नये, वाटीत कालवलेला कलप उघडा ठेवू नये, लेकरांच्या हाती लागेल असा तर मुळीच नाही. चुकून पोटात गेलाच तर घरगुती उपाय करीत बसू नका. मिळेल ते वाहन करून थेट मोठा दवाखाना गाठा, आणि कलपाची पुडी सोबत न्या. वेळेत श्वासाची वाट मोकळी झाली तर माणूस वाचतो.

रंग निवडताना आपल्या मूळ रंगाच्या जवळ राहावे. साठीच्या चेहऱ्यावर काजळासारखे काळे केस चढवले की सुरकुत्या अधिकच उठून दिसतात. त्यापेक्षा गडद तपकिरी बरा. शहरातून आलेल्या मुली केस सोनेरी, लालसर करून येतात. त्यासाठी आधी केसांचा मूळ रंग रसायनाने उडवावा लागतो आणि त्यात केस ठिसूळ होतो. करायचेच तर थोड्याच केसांना करावे, जाणत्या हातून करावे. आणि हिशेब ध्यानात असू द्या : केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणजे महिन्याभरात मुळाशी खरा रंग डोकावणारच. दरमहा तेवढा वेळ आणि पैसा आहे का, हे पाहूनच सुरुवात करावी.

इथपर्यंत मी ‘असे करा, तसे करू नका’ म्हणत आले. पण शेवटी डोके कोणाचे? ज्याचे त्याचे. हे आपल्याकडे सहजासहजी मान्य झालेले नाही. एके काळी नवरा वारला की बाईच्या मनात असो नसो, तिच्या डोक्यावर वस्तरा फिरे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव सभेला जमले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर होते, त्यांनी तो खाली ठेवला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे डोक्यात जट आली की ती देवीची म्हणून बाईने जन्मभर वागवायची, ही रूढी चालत राहिली. न विंचरल्याने, गुंता न काढल्याने केसांची जट होते, तिच्यात देवीचा कोप नसतो, हे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी सांगत फिरले, आणि बायकांच्या संमतीने त्यांनी जटा सोडवल्या. मानेवरचे ते ओझे उतरले, की त्या बाईला आपला चेहरा पुन्हा आपला वाटत असेल.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. मीही शिक्षिका होते, आणि हे माझ्याच चुकीवरून सांगते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिसरीच्या वर्गात एक मुलगी डोक्याला रुमाल बांधून येऊ लागली. मी नियमाची पक्की. वर्गात रुमाल चालणार नाही म्हणून मी तो सर्वांसमोर काढायला लावला. डोक्यावर रुपयाएवढ्या दोन गुळगुळीत चकत्या. चाई पडली होती. वर्ग हसला. मला वाटले, हा रोग इतरांना लागेल, म्हणून मी तिला वेगळे बसवले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पंधरा दिवसांनी तिची आई भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, लेकरू शाळेचं नाव काढलं का रडते.”

चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही, हे मला फार उशिरा कळले. शरीराची संरक्षक शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते आणि पुष्कळदा काही महिन्यांत केस परत येतात. गजकर्ण मात्र लागतो. त्यात चकतीवर कोंडा असतो, केस तुटून खुंट उरतात आणि त्याला डॉक्टरांकडून पोटात घ्यायचे औषध लागते. तेव्हाही लेकराचा कंगवा आणि टॉवेल वेगळा ठेवावा, लेकराला वेगळे ठेवू नये. मी ती मुलगी समजूत घालून परत आणली. पण ती पुन्हा पहिल्या बाकावर बसली नाही.

शेगावच्या गावांची बातमी ऐकली तेव्हा मला तीच मुलगी आठवली. किती लेकरे तेव्हा टोपी, रुमाल, ओढणीआड शाळेत आली असतील? त्यांच्या गुरुजींनी, बाईंनी पहिल्या दिवशी काय म्हटले असेल, त्यावरच ती दुसऱ्या दिवशी आली की नाही, हे ठरले असेल. म्हणून विनंती एवढीच. लेकराच्या डोक्याला रुमाल दिसला तर तो राहू द्या. जवळ घेऊन हळूच विचारा आणि दवाखान्याची वाट दाखवा. वाढलेले केस वर्गात कापून शिक्षा करू नका. आणि मुलांना केस कसे उगवतात, का गळतात, का पिकतात, हे एक दिवस शिकवा. ज्याला कारण कळते, तो हसत नाही.

तर श्रोतेहो, उद्या सकाळी आरशापुढे उभे राहाल तेव्हा भांग जरा सरकवून पाहा. मेंदी लावा, नाहीतर पांढरे केस तसेच मिरवा. घरातल्या बाईच्या ताटात तेवढे वरण पहिल्या वाढपातच पडू द्या. आणि डोक्याला रुमाल बांधलेले एखादे लेकरू वाटेत भेटले, तर त्याच्या डोक्याकडे न पाहता डोळ्यांत पाहून बोला.